सरड्याची धाव

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण मी तीस वर्षं मुलांना शिकवली. माझा विषय खरं तर विज्ञान. पण मराठीच्या बाई रजेवर गेल्या की म्हणी-वाक्प्रचारांचा तास माझ्याकडे यायचा. अर्थ ठरलेला होता. कुवत बेताची असलेल्या माणसाची उडी थोडक्यात संपते, असा. मुलं तो अर्थ वहीत उतरवून घेत आणि परीक्षेत तसाच लिहीत. निवृत्तीनंतर मी घराच्या मागच्या पायरीवर चहा घेऊन बसू लागले, तेव्हा एका सकाळी खरोखरचा सरडा खरोखरच्या कुंपणापर्यंत धावताना पाहिला. तसा पुढे शेकडो वेळा पाहिला. म्हण करणाऱ्याने सरडा नीट पाहिला होता. अर्थ सांगणाऱ्या आम्ही कुणी तो पाहिला नव्हता, असं माझं मत होत गेलं. त्या मताची ही हकिकत.

आमची इमारत कोथरूडमध्ये म्हातोबाच्या टेकडीच्या बाजूला, आतल्या गल्लीत आहे. तीन मजले, बारा बिऱ्हाडं, १९८४ सालचं बांधकाम. आम्ही राहायला आलो तेव्हा ‘कोथरूडला राहतो’ म्हटलं की सदाशिव पेठेतले नातेवाईक ‘म्हणजे गावाबाहेर’ असं म्हणायचे, आणि ते फारसं चूक नव्हतं. रिकाम्या प्लॉटांवर गवत माजलेलं असे आणि संध्याकाळी गुरं परत जाताना दिसत. आमच्या इमारतीला पुढून दगडी भिंत घातली, पण मागच्या बाजूला पैसे संपले म्हणून तार ओढून मेंदीचं कुंपण लावलं. त्या काटकसरीमुळे पुढचं सगळं घडलं. कुंपण आणि आमची पायरी यांच्यामध्ये जमिनीचा एक पट्टा आहे. त्यात कढीपत्ता, जास्वंद, पारिजातक, अळूचा वाफा आणि एक वठलेला शेवगा. पट्टा सोसायटीच्या मालकीचा, राबता माझा.

या पट्ट्यात सरपटणारे कोण कोण राहतात, याची मी फुलस्केप वहीत नोंद ठेवू लागले. चौदा महिन्यांत यादी माझ्या अपेक्षेपेक्षा बरीच मोठी झाली. घराच्या भिंतीवरची पाल सगळ्यांच्या ओळखीची. शेवग्याच्या सालीवर मात्र वेगळी, सालीच्याच रंगाची पाल होती आणि ती घरात कधी येत नसे. पाचोळ्याखाली तांबूस चकचकीत अंगाची सापसुरळी होती. तिला आमच्याकडे ‘सापाची मावशी’ म्हणतात आणि त्या नात्यापायी ती उगाच मार खाते. तिला विष नसतं. एकदा अळूच्या मुळाशी तिच्याहून बारीक, लालभडक शेपटीचं पिल्लू दिसलं. वेगळ्या जातीच्या सापसुरळीचं. ती लाल शेपटी म्हणजे शत्रूला दाखवलेलं आमिष. मांजराने झडप घातलीच तर शेपटी त्याच्या पंजात वळवळत राहते आणि धड पाचोळ्यात पसार होतं. पाल आणि सापसुरळी यांची टाकलेली शेपटी पुन्हा वाढते.

सरड्याला मात्र ही सोय नाही. त्याची शेपटी तुटली की तुटली. माझ्या वहीतला मुख्य नायक त्यामुळेच ओळखता आला. त्याची शेपटी टोकाकडून दोन बोटं कमी होती. मी त्याला ‘बांडा’ म्हणू लागले.

बांडा हा आपला नेहमीचा बागेतला सरडा. पाठीवर मानेपासून काट्यांची रांग, अंगावर कौलांसारखे टोकदार खवले, धडाच्या दुपटीहून लांब शेपटी. १८०२ मध्ये दोदां या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव दिलं व्हर्सिकलर, म्हणजे रंग बदलणारा. आज शास्त्रज्ञ त्याला कॅलोटीस व्हर्सिकलर म्हणतात. या एका नावाखाली दक्षिण आशियात प्रत्यक्षात अनेक जाती दडलेल्या आहेत, असं जनुकीय पुराव्यांवरून २०२१ साली मांडलं गेलं. इतक्या ओळखीच्या प्राण्याची ओळख अजून पक्की होते आहे.

रंग बदलण्याबद्दलही मी शाळेत चुकीचंच सांगत आले होते. ‘सरडा परिसराशी जुळवून घेण्यासाठी रंग बदलतो’ हे वाक्य फळ्यावर कितीदा लिहिलं असेल! बांड्याने ते खोटं पाडलं. थंडीत सकाळी तो शेवग्याच्या फिकट बुंध्यावर काळपट होऊन बसायचा. ऊन अंगात मुरवण्यासाठी गडद कातडी बरी. दुपारी तापला की पिवळट पडायचा. रात्री टॉर्च घेऊन शोधला तर जास्वंदीच्या बारीक फांदीच्या टोकाला चिकटून झोपलेला, इतका फिकट की उजेडात पानांपेक्षा तोच आधी दिसे. त्वचेतल्या रंगपेशींमधलं काळं रंगद्रव्य पसरलं की अंग गडद, आक्रसलं की फिकं. हे ऊन, झोप, भीती आणि राग यांवर चालतं. मागच्या भिंतीचा रंग कोणता, याच्याशी त्याचा संबंध थोडका. डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवणारा आणि लांब जीभ फेकणारा घोयरा सरडा हा वेगळा प्राणी. भारतात त्याची एकच जात आहे. आपण दोघांची कीर्ती एकत्र करून टाकली.

वैशाख सरताना बांड्याचं डोकं आणि गळा शेंदरी-लाल झाला, गालावर काळे डाग आले. लहानपणी असा सरडा दिसला की आम्ही मुलं बेंबीवर हात धरायचो. तो लांबूनच रक्त शोषतो, गळा त्यानेच लाल होतो, अशी समजूत होती. मग मुलगे दगड मारायचे. इंग्रजांनीही त्याला ‘ब्लडसकर’ म्हटलं. आपल्या पंचांगांत पाल अंगावर पडल्याचं फळ सांगितलेलं असतं, तसं सरडा अंगावर चढल्याचंही असतं. भागवतातला नृग राजा एका गाईच्या दानातल्या चुकीपायी सरडा होऊन विहिरीत पडतो आणि श्रीकृष्णाच्या स्पर्शाने सुटतो. म्हणजे सरडा आपल्या मनात शिक्षा, अपशकुन किंवा संधिसाधू पुढारी म्हणून राहतो. मुंग्या, अळ्या आणि किडे खाणारा शेजारी म्हणून त्याची दखल कुणी घेतलेली नाही.

तो लाल रंग विणीच्या हंगामाचा. मादीला खूण आणि दुसऱ्या नराला तंबी. बांडा शेवग्याच्या खोडावर चढून पुढच्या पायांवर जोर काढल्यासारखा वर-खाली व्हायचा, गळा फुगवायचा. पलीकडच्या बंगल्याच्या बागेतून दुसरा नर आला की हा सुसाट सुटायचा, आणि बरोबर मेंदीपाशी थांबायचा. तिथून पुढे दुसऱ्याचं राज्य. दुसरी धाव उलट कारणाने असायची. भारद्वाज उतरला, खंड्या तारेवर येऊन बसला किंवा वरच्या मजल्यावरचं मांजर आलं की बांडा वाऱ्यासारखा त्याच मेंदीत शिरायचा आणि दिसेनासा व्हायचा. दोन्ही धावा कुंपणापर्यंतच. एक हद्द राखायला आणि दुसरी जीव वाचवायला.

तेव्हा मला म्हण उलगडली. ती झाली त्या काळात कुंपण म्हणजे सिमेंटची भिंत नव्हे. निवडुंग, शेर, मेंदी, काटेरी फांद्या. आत किडे, वर ऊन, खाली सावली आणि मऊ माती. उघड्या शेतात सरडा कुठे धावणार? घरी! कुंपण हे त्याचं घर होतं. आपण माणसं संध्याकाळी घरापर्यंतच धावतो, त्याला कुणी कुवत तोकडी म्हणत नाही.

ही गंमत मी सोसायटीतल्या बायकांना सांगत होते, त्याच आठवड्यात प्रकरण गंभीर झालं.

१२ जूनला, पहिला बरा पाऊस पडून गेल्यावर, एक पोट टरारलेली मादी अळूच्या वाफ्याच्या कडेला आली. पुढच्या पायांनी माती उकरू लागली. मी पायरीवर हालचाल न करता बसले. बराच वेळ ती अर्धी अधिक खड्ड्यात होती. मग वळली, अंडी घातली, आणि माती लोटून वर थुतरीने ठोकून ठोकून ती जागा इतकी सारखी केली की नंतर मलाच खूण म्हणून काडी रोवावी लागली. मग निघून गेली. पालकत्व इथे संपतं. एका खेपेला साधारण दहा-वीस अंडी असतात. त्यांचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नसतं, चामड्यासारखं असतं. ओल्या मातीतलं पाणी शोषून ती आकाराने वाढतात. माती सुकली तर अंडीही सुकतात.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात नोटीस बोर्डावर कागद लागला. पावसात चिखल होतो, दुचाकी घसरतात, पार्किंगही कमी पडतं; तरी चारही बाजूंना पेव्हिंग ब्लॉक बसवण्याचं ठरलं आहे. चारही बाजूंत मागचा पट्टा आला. मी कमिटीच्या एका गृहस्थांना गाठलं.

“मागचं काम दोन महिने थांबवता येईल का?”

“का हो काकू? पाहुणे यायचेत?”

“पाहुणे जमिनीखाली आहेत. सरड्याची अंडी.”

ते हसले नाहीत, हे त्यांचं सौजन्य. “सरड्यासाठी काम थांबवलं हे मी मीटिंगमध्ये कसं सांगू, तुम्हीच सांगा,” असं म्हणाले. मग आम्ही दोघांनी मिळून कारण शोधलं. मागच्या बाजूला ड्रेनेजचा उतार तपासायचा आहे, तोवर पुढचं आणि बाजूचं काम उरकावं. मागचं गणपतीनंतर. मिनिट्समध्ये उतार नोंदवला गेला. सरडा नाही.

पुढचे आठवडे मी वाचत होते. काही वाचून धीर आला, काही वाचून गेला. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात भाग्यश्री शानभाग, श्रीनिवास सैदापूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या याच सरड्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांचं २००३ मधलं एक निरीक्षण मी दोनदा वाचलं. अंडी घालायला योग्य ओली माती मिळाली नाही, तर या जातीची मादी अंडी पोटातच धरून ठेवते. आतल्या गर्भाची वाढ एका टप्प्यावर थांबते. पाऊस येईपर्यंत, जमीन मऊ होईपर्यंत ती वाट पाहू शकते. लांबलेल्या मृगाशी जमवून घ्यायची ही केवढी हुशार तजवीज!

पण ती तजवीज पावसाच्या भरवशावर बेतलेली आहे. पाऊस उशिरा का होईना येतो, आणि तो आला की माती उघडते, असं त्या मादीच्या शरीराने धरलेलं आहे. पेव्हिंग ब्लॉकवर कितीही पाऊस पडला तरी ते उघडत नाहीत. बाजूच्या पट्ट्यात ब्लॉक बसल्यावर तिथे मी एक जड अंगाची मादी पाहिली. दोन ब्लॉकांच्या फटीत नख घालून बघत होती, मग पुढच्या फटीशी गेली. ती शेवटी कुठे गेली ते वहीत नाही.

त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. या सरड्यात पिल्लू नर होणार की मादी, हे अंडी उबतात त्या तापमानावर ठरतं, आणि तेही सरळ रेषेत नाही. कमी तापमानाला माद्या, जरा वाढवलं की नर, आणखी वाढवलं की पुन्हा माद्या, त्याहून वर पुन्हा नर. म्हणजे अळूच्या सावलीतली माती आणि ब्लॉकांच्या तापलेल्या कडेची माती यांत एक-दोन अंशांचा फरक पडला, तरी पुढच्या वर्षी बागेत कोण असेल हे बदलू शकतं. मी काडीवर एक जुनी बांबूची टोपली पालथी घातली, आणि मग सावली वाढली म्हणून काढून ठेवली. जाणकारी वाढली की माणूस असा गोंधळतो.

माणसाच्या उद्योगांनी सरडे कसे बदलतात, याचं एक उदाहरण आपल्या जवळचं आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पंख्यासारखा निळा-काळा-केशरी गळा उघडणारे सरडे आहेत. २०१६ मध्ये दीपक वीरप्पन, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी अशा सरड्यांसाठी नवी प्रजाती मांडली आणि तिला आपलाच मराठी शब्द दिला: ‘सरडा’. चाळकेवाडीचा तो सरडा सुपर्बा. त्या पठारावर पवनचक्क्या आल्या. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी २०१८ मध्ये दाखवलं, की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी झाले आणि सरडे बरेच वाढले. ऐकायला बरं वाटतं. पण गर्दी वाढलेले हे सरडे अंगाने रोडावलेले होते, त्यांच्या गळ्याचे रंग फिके होते, आणि माणूस जवळ आला तरी ते लवकर पळत नव्हते. आकाशातला एक दुवा निसटला आणि जमिनीवरच्या सरड्याचा रंगही उतरला.

शहराबद्दलही ठाकर यांच्या गटाने बंगळुरूच्या परिसरात काम केलं आहे. तिथल्या खडकांवरच्या सरड्यांमध्ये वस्तीलगतचे सरडे सुरक्षित आडोसा कोणता हे गावाकडच्या सरड्यांपेक्षा लवकर शिकले. हे २०१९ मधलं. म्हणजे सरडा आपल्याबरोबर राहायला शिकतो. मात्र शिकून पळायचं तरी आडोसा शिल्लक लागतो.

पुस्तकातले सहा-सात आठवडे संपले. ३१ जुलैला सात आठवडे पूर्ण झाले, काही नाही. झड लागली होती, माती गार होती. गार मातीत वाढ सावकाश होते हे ठाऊक असूनही रोज सकाळी मी काडीपाशी वाकून बघत होते. वरच्या वहिनींनी विचारलं, “काही हरवलंय का?” उकरून पाहायचा मोह दोनदा झाला. उकरलं नाही.

९ ऑगस्टला, छप्पन्नाव्या नव्हे, अठ्ठावन्नाव्या दिवशी (मी बोटांवर पुन्हा मोजलं), ऊन पडलं. काडीशेजारी करंगळी जाईल एवढं भोक होतं. अळूच्या देठावर एक पिल्लू बसलं होतं. धड बोटाच्या दोन पेरांपेक्षाही कमी, शेपटी त्याच्या दुप्पट, रंग मातीचा. त्याने माझ्याकडे एक डोळा फिरवला आणि मान वर-खाली केली, बांड्यासारखीच. कुणी शिकवलं? मग धावलं. कुठे ते सांगायला नकोच.

दिवस मावळेपर्यंत मी अकरा मोजली. नंतरच्या आठवड्यात पाच दिसली, मग तीन. भारद्वाज आता रोज येत होता. त्यालाही पिल्लं असतील. हिशेब असाच असतो. म्हणून तर अंडी एक-दोन नसतात.

गणपतीनंतर मागचे ब्लॉक बसले नाहीत. कारण सरडे नव्हेत. मधल्या काळात इमारतीच्या पुनर्विकासाचा विषय निघाला, आणि ‘पाडायचीच आहे तर ब्लॉकवर खर्च कशाला’ असं ठरलं. कोथरूडमध्ये आता कुठलीही गल्ली घ्या, एक तरी इमारत हिरव्या जाळीखाली असते. २०२२ मध्ये वनाझहून मेट्रो धावू लागली. आमच्या गल्लीत झाडांचं कुंपण फक्त तीन ठिकाणी उरलं आहे, त्यातलं एक आमचं. टेकडीवरून उतरून बागाबागांमधून सरडे, सापसुरळ्या ये-जा करत असतील तर त्यांचे मुक्काम हेच. दोन मुक्कामांमध्ये डांबर किती पडतं, यावर त्यांचं येणं-जाणं अवलंबून.

पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर मीही सही केली आहे. हे लपवून लेख लिहिणं बरं नव्हे. लिफ्ट हवी आहे. तळमजल्याला ओल येते. वरच्या आजोबांना जिना चढवत नाही. नव्या इमारतीच्या नकाशात बागही आहे. पार्किंगच्या स्लॅबवर माती टाकून केलेली, हिरवळ आणि शोभेचे पाम असलेली. मी मीटिंगमध्ये एकच मागणी केली: मागच्या बाजूला पाच फुटांचा पट्टा असा सोडा, की ज्याच्याखाली स्लॅब नसेल, आणि त्या बाजूला भिंतीऐवजी मेंदी लावा. यावेळी उताराचं कारण काढलं नाही. सरडा म्हटलं. दोघे-तिघे हसले, पण एका तरुण मुलीने विचारलं, “काकू, मेंदी वाढायला किती वर्षं लागतात?” मिनिट्समध्ये ‘सूचना विचारार्थ घेतली’ असं लिहिलं आहे. सरड्याचा उल्लेख आहे.

बांधकामाला तीन वर्षं लागतील म्हणतात. सरडा वर्षभरात वयात येतो. म्हणजे आम्ही भाड्याच्या घरात असू, तेवढ्यात त्यांच्या तीन पिढ्या जातील. शेजारच्या बंगल्यातल्या काकांकडे मी मेंदीच्या चाळीस फांद्या पिशव्यांत लावून ठेवल्या आहेत. बहुतेकींना फूट आली आहे. बांडा श्रावणानंतर दिसला नाही. पण काल सकाळी, आश्विनातल्या कोवळ्या उन्हात, पिशव्यांच्या रांगेत एक लहान सरडा अंग काळं करून बसला होता. त्या मेंदीला अजून कुंपण म्हणता येणार नाही. वीतभर काड्या आहेत. त्याने मला पाहिलं आणि त्यांतच शिरला.